आपला आकडा आपणच सांगायचा

वाचकहो, गोल्फवर लेख लिहिण्याची वेळ या सदरावर येईल, असे मला कधी वाटले नव्हते. आपल्याकडे गोल्फ म्हटले की डोळ्यांसमोर उंच भिंत येते, फाटकावरचा पहारेकरी येतो आणि सदस्यत्वासाठी वर्षानुवर्षे लांबत जाणारी यादी येते. सांगलीच्या पेठेत हळदीच्या पोत्यांमध्ये ज्याचे आयुष्य गेले, त्याचा त्या भिंतीपलीकडच्या हिरवळीशी काय संबंध? परंतु गेल्या जूनमध्ये स्कॉटलंडमध्ये मित्रांसोबत घालवलेल्या एका दिवसाने मला या खेळाविषयी थोडे आणि स्वतःविषयी पुष्कळ शिकवले. ते लिहावे की नाही, या विचारात काही महिने गेले. ज्याची परवानगी घेणे आवश्यक होते त्याने ती दिली आहे, म्हणून आज लिहीत आहे.

आम्ही चौघे शाळासोबती. अण्णा डॉक्टर झाला आणि एडिंबरा शहरात स्थायिक झाला. त्याला आता पस्तीस वर्षे होऊन गेली. नाना कोल्हापूरला मुख्याध्यापक होता. आप्पा आणि मी मात्र सांगली सोडली नाही. १९८४ ते १९९१ अशी सात वर्षे आम्ही दोघांनी मार्केट यार्डात हळदीचे अडत दुकान भागीदारीत चालवले. पुढे आप्पा आपल्या भावांच्या व्यवसायात गेला आणि दुकान माझ्याकडे राहिले. भांडण झाले नाही. हिशेब मी केला, आप्पाने शेवटच्या पानावर सही केली, आम्ही पेढे वाटले. त्यानंतर लग्नकार्यात, बारशाला, कोणाच्या दुःखाच्या प्रसंगी आम्ही भेटत राहिलो. लोक आमच्या मैत्रीचे उदाहरण देत आणि मी ते मुकाट्याने ऐकून घेत असे.

सत्तरी जवळ आली तेव्हा अण्णाने आग्रह धरला की एकदा तिघांनी मिळून यावे. आम्ही गेलो. पहिला आठवडा त्याने आम्हाला सरावाच्या मैदानावर नेऊन काठी कशी धरावी, चेंडूवरून दृष्टी कशी हलू द्यायची नाही, एवढे शिकवले. मग एका शनिवारी तो म्हणाला, "आज दोन मैदाने. सकाळी समुद्रकाठचे, दुपारनंतर डोंगरावरचे. दोन्ही सार्वजनिक आहेत. पैसे भरायचे आणि खेळायचे. तुमचे कुळ, गोत्र, बँकेतली शिल्लक कोणी विचारणार नाही."

सकाळचे मैदान म्हणजे मसलबरा. एडिंबरापासून आठ-दहा किलोमीटरवर, फोर्थच्या खाडीकाठी वसलेले हे छोटे गाव. तेथील गोल्फचे जुने मैदान घोड्यांच्या शर्यतीच्या धावपट्टीच्या आत आहे. धावपट्टीचे पांढरे कठडे ओलांडून खेळाडू आत जातात. होल नऊच. जमीन वाळूची, गवत आखूड, झाडांचा आडोसा नाही, वारा मात्र अखंड. स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेती यांच्यामधल्या अशा जमिनीला लिंक्स म्हणतात. नांगरटीला निरुपयोगी म्हणून ती गावाच्या वापरासाठी मोकळी राहिली. तेथे मेंढ्या चरल्या, कपडे वाळले आणि लोक काठीने चेंडू टोलवू लागले. त्यांना या खेळाचे वेड इतके लागले की धनुर्विद्येच्या सरावाकडे दुर्लक्ष होते म्हणून १४५७ मध्ये तेथील राजसत्तेने गोल्फवर बंदी घातली होती. ज्याला आपण श्रीमंतांचा खेळ समजतो त्याचा जन्म असा गायरानावर झाला आहे, हे मला त्या सकाळी प्रथमच कळले.

मसलबरा येथे गोल्फ खेळला जात असल्याचा लेखी पुरावा १६७२ चा आहे आणि तो कोठे सापडावा? एका गृहस्थाच्या जमाखर्चाच्या वहीत! सर जॉन फाउलिस यांनी त्या वर्षी २ मार्चला, मसलबरा येथे गोल्फमध्ये हरलेली रक्कम खर्चाच्या बाजूला नोंदवून ठेवली. अण्णाने हे सांगताच नाना मोठ्याने हसला. "म्हणजे या खेळाचा इतिहास रोजकीर्दीत सुरू होतो. तुम्हा दोघा अडत्यांना हे मैदान मानवणार!" याच गावात १८२९ मध्ये होल पाडण्यासाठी जे अवजार वापरात आले त्याचा व्यास सव्वाचार इंच होता, पुढे जगभरच्या गोल्फच्या नियमांत तेच माप आले.

खेळ सुरू करण्यापूर्वी अण्णाने दोन गोष्टी बजावल्या. पहिली, या खेळात आपल्यासोबत पंच फिरत नाही. मोठ्या स्पर्धांत शंका विचारायला कोणी असतो, परंतु आपण किती फटके मारले हे खेळाडूने स्वतःच सांगायचे. कार्डे एकमेकांत बदलायची; आप्पाने माझे कार्ड लिहायचे, मी आप्पाचे, नानाने अण्णाचे आणि अण्णाने नानाचे. प्रत्येक होलनंतर "किती?" असे विचारायचे आणि समोरचा जो आकडा सांगेल तो लिहायचा. दुसरी, चेंडू मारण्याच्या हेतूने काठी फिरवली की तो फटका मोजायचा. चेंडूला लागो वा न लागो. पहिल्या फेरीत कमी फटक्यांत खेळ संपवणाऱ्याला इतरांनी चहा पाजायचा, असेही ठरले. अण्णाशी आमची बरोबरी शक्यच नव्हती, म्हणून तो पैजेबाहेर राहिला.

आमच्या पुढे एक आजोबा आपल्या नातीला घेऊन खेळत होते. मागे तिघे तरुण होते. त्यांच्या बुटांवर रंगाचे शिंतोडे होते. आजोबांनी थांबून आम्हाला "आधी तुम्ही जा" असे खुणावले, आमचे पहिले फटके पाहिले आणि फार सौजन्याने आपणच पुढे निघाले. नानाने पहिल्या होलवर तीन वेळा काठी नुसती हवेत फिरवली आणि प्रत्येक वेळी "एक! दोन! तीन!" असे स्वतःच मोठ्याने मोजले. त्याची निशाळ मुद्रा पाहून आम्ही हसत होतो. आप्पा नेहमीप्रमाणे शांत, सावकाश, बेताचा. त्याचा चेंडू लांब जात नसे, पण वाटही सोडत नसे.

तिसऱ्या होलवर माझा चेंडू उजवीकडे धावपट्टीच्या कठड्याजवळच्या उंच गवतात गेला. इतर तिघे डावीकडे बऱ्याच अंतरावर होते आणि नानाचा चेंडू शोधत होते. मी गवतात उभा राहिलो, काठी उचलली आणि जोरात फिरवली. गवताचा सळसळाट झाला. पाते चेंडूवरून गेले. चेंडू जागचा हलला नाही. मी मान वर करून पाहिले. कोणाचेही माझ्याकडे लक्ष नव्हते. मी पुन्हा काठी फिरवली. या वेळी चेंडू सुरेख उडाला आणि हिरवळीच्या अलीकडे जाऊन थांबला. अण्णाने दुरून टाळी वाजवली.

होल संपल्यावर आप्पाने खिशातून पेन्सिल काढली. "किती?"

"सात," मी म्हणालो.

खरा आकडा आठ होता. आप्पाने माझ्याकडे न पाहता सात लिहिले.

वाचकहो, येथे माझी बाजू मांडण्यासारखे काहीही नाही. पैज एका चहाची होती. चुकत आम्ही सगळेच होतो. लहानपणी विटीदांडूत कोणी खोटे मोजले की आम्ही सारी पोरे "रडीचा डाव खडी" म्हणून त्याच्यामागे लागत असू आणि त्या ओरडण्यात माझा आवाज सर्वांत मोठा असे. तरीही तो सात माझ्या तोंडून इतका सहज निघाला की जणू तो आधीच तयार होता.

फेरी संपली. बेरीज झाली. नानाचे नव्वदच्या वर, आप्पाचे चौसष्ट, माझे त्रेसष्ट. "जिंकलास," आप्पा म्हणाला आणि त्याने कार्ड घडी करून आपल्या सदऱ्याच्या खिशात ठेवले.

समुद्राकडे तोंड करून ठेवलेल्या बाकावर बसून आम्ही वहिनींनी दिलेली थालीपिठे आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चहा आप्पाने आणला. चहा पिता पिता अण्णाने एक हकिगत सांगितली. मसलबराला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला तो ती सांगतो, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मात्र ती माझ्यासाठीच निवडली आहे, असे वाटले.

ओपन ही गोल्फमधील सर्वांत जुनी मोठी स्पर्धा. १८७४ ते १८८९ या काळात ती याच नऊ होलच्या मैदानावर सहा वेळा झाली. तेव्हा ती छत्तीस होलची असे, म्हणजे येथे चार फेऱ्या. १८८९ मध्ये अँड्र्यू कर्काल्डी नावाचा खेळाडू विजयाच्या अगदी जवळ होता. चौदाव्या होलवर त्याचा चेंडू छिद्रापासून अवघ्या इंचभर अंतरावर थांबला. आता काय राहिले, अशा बेफिकिरीने त्याने एका हाताने काठी फिरवली आणि ती चेंडूला लागलीच नाही. तुझा चेंडू मारण्याचा हेतू होता काय, असे त्याला विचारण्यात आले. त्याने हो म्हटले. तो फटका मोजला गेला. छत्तीस होलनंतर त्याचे आणि विली पार्क ज्युनिअर याचे फटके समान झाले, प्रत्येकी १५५. निर्णयासाठी पुन्हा छत्तीस होल खेळवण्यात आले आणि कर्काल्डी पाच फटक्यांनी हरला. पुढेही त्याला ती स्पर्धा कधी जिंकता आली नाही.

"नाही म्हणाला असता तर?" नानाने विचारले.

"तर एका फटक्याने जिंकला असता," अण्णा म्हणाला. "हेतू त्याच्या मनात होता. तिथे दुसरं कोण बघणार?"

आप्पा समुद्राकडे पाहत चहा पीत होता. मी उरलेले अर्धे थालीपीठ कागदात गुंडाळून ठेवले.

दुपारी आम्ही ब्रेड हिल्सवर गेलो. एडिंबराच्या दक्षिण अंगाला असलेल्या या टेकड्यांवरचे मैदान शहराचे आहे. पूर्वी लोक शहरातल्या ब्रंट्सफील्ड लिंक्सवर खेळत. तेथे गर्दी मावेना, तेव्हा नगरपालिकेने ही जागा घेऊन १८८९ मध्ये ती खेळासाठी खुली केली. ज्या वर्षी मसलबराला शेवटची ओपन झाली, त्याच वर्षी शहराने आपल्या सामान्य माणसासाठी हा डोंगर मोकळा केला. येथे सपाट जमीन जवळजवळ नाहीच. काळे खडक वर डोकावतात आणि सर्वत्र गॉर्सची काटेरी झुडपे पिवळ्या फुलांनी पेटलेली असतात. त्यात गेलेला चेंडू परत मिळेल ही आशा सोडावी. माथ्यावर गेले की समोर किल्ला, उजवीकडे आर्थर्स सीटचा डोंगर आणि पलीकडे खाडीचे निळे पाणी एका दृष्टिक्षेपात मावते.

ब्रेड हिल्सवर पैज नव्हती. कार्डे मात्र तशीच बदललेली होती. दर होलनंतर आप्पा पेन्सिल काढी आणि विचारी, "किती?" मी सांगितलेला आकडा तो लिही. एकदाही त्याने "नक्की?" असे विचारले नाही. चार होल मी हे सहन केले. त्याच्या त्या विश्वासाने लिहिण्याकडे पाहताना मला सकाळचा सात आठवत नव्हता. १९९१ मधील हिशेबाचे शेवटचे पान आठवत होते.

त्या हिशेबात परपेठेतल्या एका व्यापाऱ्याकडील अठ्ठेचाळीस हजारांची उधारी आम्ही बुडीत म्हणून सोडून दिली होती. ती खरोखरच बुडाली आहे, असे तेव्हा मलाही वाटत होते. परंतु १९९३ मध्ये तो व्यापारी एका सकाळी दुकानात आला आणि सारी रक्कम रोख मोजून गेला. त्यातील चोवीस हजार आप्पाचे होते. मी ते दिले नाहीत. त्या महिन्यात माझ्या घराचा स्लॅब टाकायचा होता. पुढच्या हंगामात देऊ, असे मनाशी म्हटले. हंगाम आला आणि गेला. मग इतका उशीर झाला की आता सांगितले तर उशिराचे कारणही सांगावे लागेल, या भीतीने सांगणेच राहून गेले. बत्तीस वर्षे.

पाचव्या होलनंतर चढ लागला. अण्णा आणि नाना पुढे गेले होते. मी आप्पाला थांबवले आणि म्हणालो, "सकाळी तिसऱ्या होलला माझे आठ होते. गवतात एक हुकला होता. तू सात लिहिलेस."

"बरं," आप्पा म्हणाला. त्याने खिशात हात घातला.

"आणखी एक आहे," मी म्हणालो आणि त्या व्यापाऱ्याचे नाव घेतले.

सांगायला दोन मिनिटेही लागली नसतील. मी कारणे दिली नाहीत. स्लॅबचे तेवढे बोललो, कारण ते पैसे कोठे गेले हे त्याला कळायला हवे होते. आप्पाने सारे ऐकून घेतले. मग तो वळला आणि चढ चढू लागला. पुढचे दोन होल तो माझ्याशी बोलला नाही. आपला चेंडू मारी, माझा आकडा विचारी, लिही. तो बोलला असता, ओरडला असता, तर मला बरे वाटले असते. आणि मला बरे वाटावे ही त्याची जबाबदारी नाही, हे त्या दोन होलमध्ये मला समजले.

माथ्यावर वारा फार होता. एका खडकाशी आप्पा थांबला. "त्र्याण्णव साली थोरल्याला इंजिनिअरिंगला घातला," तो म्हणाला. "फी भरायला हिच्या पाटल्या गहाण टाकल्या होत्या. सोडवायला तीन वर्षं लागली. तुला ठाऊक नव्हतं."

"नव्हतं," मी म्हणालो. परंतु मी विचारलेही नव्हते.

तो बराच वेळ खाडीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "मुद्दल दे. व्याज नको. घेणार नाही असं म्हणणार नाही मी. ते माझे आहेत." त्यानंतर त्याने सकाळचे कार्ड काढले, तिसऱ्या होलसमोरचा सात खोडला, आठ लिहिला, खालचे त्रेसष्ट खोडून चौसष्ट केले आणि खोडलेल्या जागी माझी सही घेतली. अगदी वहीत चूक दुरुस्त करताना घेतात तशी. "बरोबरी झाली," तो म्हणाला. "अर्ध्या चहाचे पैसे तुझ्याकडे निघतात."

आम्ही उरलेले होल खेळलो. संध्याकाळचे साडेसात वाजले तरी ऊन कलंडले नव्हते. तेथे जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नानाचा नेम या प्रवासात निर्विघ्न पार पडला आणि त्याचे त्याला फार कौतुक होते. अण्णाला काय झाले ते मी रात्री सांगितले. तो म्हणाला, "ती गोष्ट मी सगळ्यांना सांगतो रे." मी म्हणालो, "सांगत जा."

सांगलीला परतल्यावर तिसऱ्या दिवशी मी आप्पाच्या घरी जाऊन चोवीस हजारांचा धनादेश दिला. त्याने तारीख घालून रीतसर पावती लिहून दिली. त्र्याण्णवच्या चोवीस हजारांत काय काय होत होते आणि आजच्या चोवीस हजारांत काय होते, हे आम्हा दोघांनाही नीट कळते. त्याविषयी तो काही बोलला नाही. त्याच्या पत्नीने मात्र पाणी आणून ठेवले आणि ती आत गेली. त्यानंतर तिने मला चहाला बोलावलेले नाही. त्या पाटल्या तिच्या होत्या. तिचा हिशेब तिने केव्हा आणि कसा मिटवायचा, हे तिने ठरवायचे आहे.

हा लेख छापण्यापूर्वी मी आप्पाला वाचून दाखवला. "तुझं नाव येत नाही," मी म्हणालो. तो म्हणाला, "तुझं येतंय ना वर? मग झालं." एवढे बोलून त्याने एक दुरुस्ती सुचवली. मी पहिल्या मसुद्यात त्याचे फटके पासष्ट लिहिले होते. ते चौसष्ट होते. कार्ड त्याच्याकडे आहे.